गारगोटीतील सुया

पावसाळा सरला म्हणजे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ओढ्यांत, तसेच विहिरी खोदताना, गारगोट्या व अकीक सापडतात. वरून ओबडधोबड व मातकट; परंतु घासले असता एखाद्याच्या पोटात केसासारख्या बारीक सुयांचे झुबके दिसतात. ही खोट समजावी काय?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या प्रांती लाव्हारस पसरला. तो थिजताना वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. कित्येक पोकळ्यांत झिरपत्या पाण्यातून प्रथम स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट अशा खनिजांच्या सुया वाढल्या. मागाहून सिलिकाने थरावर थर देत, त्यांस न मोडता, कवटाळले. सुई आधीची, अकीक मागाहूनचा.

यावरून आमच्या मंडळ्यांत वारंवार निघणारा एक प्रश्न आठवतो. ख्रिस्ताकडे आलेल्या मनुष्याने पूर्वीचे काय टाकावे व काय ठेवावे? कित्येक बंधू म्हणतात, टाळ, ओवी, कीर्तन ही जुन्या आयुष्याची खूण. ती घासून काढावी.

परंतु अकीक घासणारा काय करितो, ते पाहा. हा दगड पोलादी चाकूस दाद देत नाही. म्हणून कुरुंदाची पूड, प्रथम जाड व मग बारीक, पाण्यासह लावून तो धीराने घासावा लागतो. कवच जाते, सुया राहतात. सुया नाहीशा होईतोवर कोणी घासू लागला, तर हाती दगडच उरणार नाही.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांनी अभंग व कीर्तन टाकिले नाही, तर प्रभूच्या सेवेस लाविले. ती सुई होय. मग जातीचा ताठा, पंगतीत कोण कोठे बसला, सोयरीक कोणत्या घराण्याशी, हेही जुनेच; तेही ठेवावे काय? मुळीच नाही. ते कवच होय. त्यातून प्रकाश आत जात नाही, आणि हाती घेणाऱ्यास ते बोचते.

तेव्हा जुने की नवे ही कसोटी नव्हे. शेजाऱ्यावरील प्रीतीस जे आडवे येते ते घासावे. जे येत नाही ते जपावे. खेद हा की, आम्ही पुष्कळदा उलट करितो. टाळांवर जोराने हात चालवितो, व ताठ्यास हळुवार कुरवाळितो.

दगडास निवड नाही, मनुष्यास आहे. म्हणून उपदेशक बंधूंनो, नव्या कुटुंबास “हे सोडा” असे सांगण्यापूर्वी आपण प्रथम आपल्याच पंगतीकडे पाहू या.