मेघ आणि चावडी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, येरळा नदीच्या काठी वडूज हे गाव वसले आहे. खटाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. सह्याद्रीच्या माथ्यावर रिता झालेला पाऊस येथवर पोहोचेपर्यंत थोडाच उरतो. त्यामुळे खटाव-माणच्या माणसांची नजर पिढ्यानपिढ्या आभाळाकडे लागलेली असते. गेल्या काही वर्षांत याच माणसांचा संबंध आणखी एका ढगाशी जडला आहे. जमिनीचा उतारा, बँकेचे खाते, मुलांचे निकाल अशा कित्येक गोष्टी आता दूर कोठेतरी 'क्लाऊड'मध्ये असतात, असे ती ऐकतात. केंद्र सरकारने २०१४ साली सुरू केलेल्या आपल्या अशा व्यवस्थेला 'मेघराज' असेच नाव दिले, आणि २०१८ च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनानेही आपल्या खात्यांसाठी क्लाऊडचे धोरण जाहीर केले.

आभाळातला मेघ कोणालाच जाब देत नाही, आणि त्याबद्दल कोणी त्याच्यावर रागावत नाही. परंतु माणसाने उभारलेल्या या मेघाने तरी जाब द्यावयास हवा की नको, आणि द्यावयाचा तर तो कोणी, हा प्रश्न मला काही दिवसांपासून अस्वस्थ करीत आहे. आपल्या अनेक घरांतील मुलेमुली आज याच व्यवसायात असल्यामुळे हा प्रश्न आपल्या घरचाही आहे.

प्रथम हा मेघ म्हणजे काय ते पाहू. नाव ढगाचे असले तरी तो जमिनीवरच उभा असतो. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू ठेवलेले असतात आणि त्यांची शक्ती भाड्याने दिली जाते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी व्यवस्था सुरू केली. शेतकरी मळणीयंत्र वर्षभरासाठी विकत घेत नाही. सुगीत भाड्याने आणतो आणि तासाप्रमाणे पैसे देतो. क्लाऊडचा हिशेब नेमका तोच आहे. काम वाढले की जास्त यंत्रे घ्यावीत, सरले की सोडून द्यावीत. मात्र या यंत्रांना अखंड वीज लागते, थंडावा लागतो आणि त्या थंडाव्यासाठी अनेक ठिकाणी पाणीही लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात वापरल्या गेलेल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज अशा केंद्रांनी घेतली. दुष्काळी तालुक्यातील वाचकाने हे ध्यानात ठेवावे, की हा मेघ पाणी देणारा नसून पाणी पिणारा आहे.

या मेघात नोंदी कशा राहतात, हे समजण्यासाठी तलाठ्याच्या दप्तराइतके चांगले उदाहरण नाही. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. खरेदी, वारसा, वाटणी, जे जे घडले ते तीत क्रमाने लिहिले जाते. मागचे खोडून पुढचे लिहावयाचे नाही. त्या फेरफारांवरून आज जमीन कोणाची, हे सांगणारा उतारा म्हणजे सातबारा. घडलेल्या गोष्टींची न खोडता ठेवलेली यादी वेगळी आणि तीवरून काढलेली आजची स्थिती वेगळी, हे तत्त्व आजच्या संगणकतज्ज्ञांनीही मोलाचे मानले आहे. दुसरे तत्त्व व्यवहाराच्या अखंडतेचे. विकणाऱ्याचे नाव कमी झाले आणि घेणाऱ्याचे लागण्यापूर्वीच वीज गेली, तर जमीन अधांतरी राहील. म्हणून दोन्ही बदल एकत्र व्हावेत, अन्यथा एकही होऊ नये, असा दंडक यंत्राला घालून दिलेला असतो.

तिसरी गोष्ट प्रतींची. आग, पूर, बिघाड यांपासून रक्षण व्हावे म्हणून एकाच नोंदीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. आता दोन ठिकाणांमधील दुवा तुटला तर काय करावयाचे? हाताशी असलेली, कदाचित जुनी झालेली प्रत विचारणाऱ्याला ताबडतोब दाखवावी, की खात्री होईपर्यंत त्याला थांबवावे? अशा वेळी दोन्ही साधत नाहीत, हे एरिक ब्रुअर या अमेरिकन संशोधकाने २००० साली मांडले आणि २००२ साली ते गणिताने सिद्ध झाले. लग्नाच्या छायाचित्रांच्या बाबतीत जुनी प्रत दिसली तर बिघडत नाही. जमिनीच्या किंवा औषधाच्या बाबतीत बिघडते. कोठे घाई चालेल आणि कोठे चालणार नाही, हे यंत्र ठरवीत नाही. ते कोणीतरी माणूस आपल्या टेबलाशी बसून ठरवितो, आणि तेथेच तंत्राचा प्रश्न नीतीचा होतो.

नोंद आणि न्याय यांचे नाते या मुलखाला नवे नाही. महात्मा फुले यांचे मूळ घराणे याच खटाव तालुक्यातील कटगुणचे. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी अक्षरशत्रू शेतकरी कुळकर्ण्याच्या आणि कचेरीतील कारकुनाच्या लेखणीखाली कसा भरडला जातो, हे पोटतिडकीने मांडले. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याचे नशीब लिहिणाऱ्याच्या हाती जाते. त्यापूर्वी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा रोख मुख्यत्वे सावकारांच्या रोख्यांवर होता. कागद हाती घ्यावयाचे आणि जाळावयाचे. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला, तो सातारा जिल्ह्यालाही लागू होता. त्यात न्यायाधीशाने नुसता रोखा न पाहता त्यामागील देण्याघेण्याचा सारा इतिहास तपासावा, अशी तरतूद होती. कागद खरा असला तरी गोष्ट खोटी असू शकते, हे त्या परकी राजवटीलाही मान्य करावे लागले.

आता कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवरून करू लागला. यात हित आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. उताऱ्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे वाचले आणि दप्तराला वाळवी लागण्याची भीती गेली. परंतु जाब कोणाला विचारावयाचा, हे मात्र अंधुक झाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर लोकांचा मोर्चा गेला. गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे व त्यांचे सोबती हुतात्मे झाले. सत्ता अन्यायी होती, परंतु तिला दार होते. त्या दारापर्यंत चालत जाता येत होते. मेघावर मोर्चा न्यावयाचा तर तो कोठे न्यावा?

क्लाऊडच्या धंद्यात 'वाटून घेतलेली जबाबदारी' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. इमारत, यंत्रे आणि त्यांची सुरक्षा भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे. आत काय ठेवले, ते कोणाला उघडता येईल, कुलूप नीट लावले की नाही, हे भाडेकरूकडे. करार म्हणून हे रास्तच आहे. पण करारातील वाटणी मनातही उतरते, आणि मग चूक झाली की कंपनी ग्राहकाकडे बोट दाखविते, ग्राहक कंत्राटदाराकडे, कंत्राटदार सॉफ्टवेअरकडे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला शेवटी 'सिस्टीम घेत नाही' एवढे एकच वाक्य येते. माझ्या मते जबाबदारी ही भाकरीसारखी नाही, की चौघांनी वाटून घेतली म्हणजे प्रत्येकाला चतकोर यावी. तिला हात लावणाऱ्या प्रत्येकावर ती सबंधच येते.

यावर एक आक्षेप घेता येईल. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणाला वडूजच्या विधवेचे नाव उताऱ्यावरून गळल्याचा दोष कसा द्यावा? त्याने तिला पाहिलेलेही नाही. आक्षेप खरा आहे, आणि सगळा दोष एकट्या त्याच्यावर टाकणे अन्यायाचेच होईल. परंतु न पाहिलेल्या माणसाविषयी आपले कर्तव्य असतेच. विहीर खोदणारा तिचे पाणी पिणाऱ्या सर्वांना ओळखत नाही, तरीही तो काठ बांधल्यावाचून जात नाही.

मग काठ बांधणे म्हणजे काय? याचे उत्तर मला आपल्या गावगाड्यातच सापडते. सातबारा संगणकात उतरविताना हस्तलिखित आणि संगणकीय नोंदींत फरक पडले. ते शोधण्यासाठी २०१७ साली राज्यात चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांना एकत्र बोलावून त्यांच्या नोंदी त्यांच्यासमोर वाचावयाच्या आणि चूक असेल तेथे त्यांनी 'हे असे नाही' म्हणावयाचे. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला ते त्याच्या भाषेत ऐकविणे, त्याचे म्हणणे ऐकून घेणे आणि चूक दुरुस्त करणारा माणूस समोर असणे, ही तीन अंगे कोणत्याही माहितीच्या व्यवस्थेला हवीत. आपला जमीन महसूल कायदाही विनम्रपणे एवढेच म्हणतो, की नोंद खरी मानावी, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, आणि २०२३ च्या कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याची व पुसून टाकावयास लावण्याची तरतूद केली. हेही एका परीने चावडीवाचनच होय.

आपल्या धर्मग्रामातील स्नानसंस्काराची नोंदवही आठवा. मुलगी परगावी विवाहबद्ध झाली, तर तेथून कळविले जाते आणि जुन्या नोंदीच्या समासात तिच्या विवाहाची टीप लिहिली जाते. मूळ नोंद खोडली जात नाही, आणि ती वही कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्या धर्मगुरूंच्या दारावर थाप मारता येते.

हिंजवडीत किंवा परदेशी या व्यवसायात असणाऱ्या आपल्या मुलामुलींना म्हणूनच एक सांगावेसे वाटते. तुम्ही आजचे दप्तरदार आहात. पगार, बढती, नवे तंत्र यांविषयी घरी बोलता, त्याबरोबर कधीतरी आईवडिलांना हेही सांगा, की तुमच्या हातून जाणाऱ्या नोंदी कोणाच्या आहेत, आणि त्यातील एखादी चुकली तर त्या माणसाने कोणाकडे यावयाचे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर काम अजून पुरे झालेले नाही असे समजा. आणि आईवडिलांनो, मुलगा क्लाऊडमध्ये काम करतो एवढ्यावर समाधान मानू नका. त्याला हे विचारा.

वडूजच्या आभाळात ढग येतील आणि जातील. त्यांना जाब विचारता येत नाही, वाट पाहावी लागते. माणसाने केलेल्या मेघाची मात्र नुसती वाट पाहत बसण्याचे कारण नाही. त्याला चावडीवर बोलावता येते.