पाहणाऱ्याचे देणे

कुणाकडून उसने घेतले तर ते फेडावे लागते, हे सर्वांनाच मान्य आहे. कुणाच्या विहिरीचे पाणी भरले, कुणाच्या अंगणातून वाट काढली, तरी त्याचा आपल्यावर काही हक आहे असे आपण मानतो. पण नुसते पाहिले तर? पाहिल्याने समोरच्याचे काय जाते? बहुतेक माणसे म्हणतील, काहीच जात नाही. आमच्या मते हे उत्तर पुरेसे नाही. ते तपासून पाहायचे तर प्राणिसंग्रहालयासारखी दुसरी जागा नाही. तिथे आपण पैसे मोजतो ते फक्त पाहण्याचे. जनावर आपले होत नाही, त्याला हात लावता येत नाही, घरी नेता येत नाही. मग त्या पैशात आपला हक कुठवर जातो, आणि त्या जनावराचा आपल्यावरचा हक कुठून सुरू होतो?

हा प्रश्न आमच्यापुढे एखाद्या पुस्तकातून आला नाही. आम्ही मुंब्र्याला राहतो, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. २०२४ च्या जानेवारीत आमच्या जुळ्या मुली अडीच वर्षांच्या होत्या. 'शीन से शेर' आणि 'हे से हाथी' हे त्यांना मुळाक्षरांच्या पुस्तकातील चित्रांवरून पाठ झाले होते. चित्रातला शेर खरा दाखवावा म्हणून एका रविवारी दादीला बरोबर घेऊन आम्ही भायखळ्याच्या राणीबागेत गेलो. दोघांच्या कडेवर एकेक मुलगी, दादीच्या हातात डबा आणि पाण्याच्या बाटल्या, असा तो धिम्या गाडीचा प्रवास होता.

राणीबाग मुंबईकरांना नवी नाही. १८६० च्या दशकात ती व्हिक्टोरिया गार्डन म्हणून सुरू झाली, आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पन्नास एकरांहून मोठी जागा, जुनी झाडे, आणि २०२४ मध्ये मोठ्या माणसाचे तिकीट होते ५० रुपये. ताडोब्याला जाऊन वाघ पाहायचा तर आमच्यासारख्या कुटुंबाचा महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून गिरणगावातले, मदनपुऱ्यातले, धारावीतले, मुंब्रा-कळव्यातले लोक राणीबागेत येतात. प्राणिसंग्रहालये सरळ बंद करा म्हणणाऱ्यांनी ही गोष्टही लक्षात घ्यावी. दहा बाय बाराच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला झाडाखाली धावायला मिळते, ते याच फाटकाच्या आत.

त्या दिवशी आम्ही प्राणी पाहत होतो आणि लोक आमच्या मुलींना पाहत होते. दादीने हौसेने दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवले होते. गाडीत, तिकिटाच्या रांगेत, पाणघोड्याच्या कठड्याशी, सगळीकडे तेच प्रश्न. जुळ्या का? मोठी कोण? ओळखता कशा? एकाने न विचारता मोबाईलमध्ये फोटोही काढून घेतला. यात कुणाच्या मनात वाईट नव्हते, हे आम्ही जाणतो. पण धाकटी थकली होती, तिला ओळखीचा खांदा हवा होता, आणि समोरची माणसे तिला 'हस ना गं' म्हणत होती. तिचे थकणे कुणाला दिसत नव्हते. त्यांना दिसत होती ती जोडी.

तेवढ्यात एका बाईंनी दादीशी गप्पा सुरू केल्या आणि मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही लोक मराठी किती छान बोलता हो!" दादी चिपळूणकडची. तिचे बालपण कोकणात गेले, बाजारहाट, भांडणे, लग्नाची बोलणी सगळी त्याच भाषेत. ती हसली आणि म्हणाली, "न बोलून कुठं जाऊ बाई?" या अंकाच्या वाचकांना हे कौतुक नवे नाही. प्रत्येकाने ते केव्हा ना केव्हा ऐकले असेल आणि हसून सोडून दिले असेल.

जुळ्यांकडे पाहणे, दादीकडे पाहणे आणि पिंजऱ्याकडे पाहणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची बरोबरी करण्याचा आमचा इरादा नाही. पिंजऱ्यातला जीव बाहेर पडू शकत नाही, आम्ही संध्याकाळची गाडी धरून घरी येतो. पण तिन्ही नजरांत एक खोट समान आहे. समोरचा कुठल्या जातीचा, कुठल्या प्रकारचा, एवढेच ती नजर पाहते. तो कोण, त्याला आत्ता काय होते आहे, हे पाहण्याआधीच ती पुढे सरकते. पिंजऱ्यावरच्या पाटीवरही प्राण्याचे नाव, शास्त्रीय नाव, आढळण्याचा प्रदेश, आहार हे सारे असते. पाटी आवश्यक आहे. मात्र पाटी वाचून झाली म्हणजे प्राणी पाहून झाला, असे होत नाही.

वाघाच्या आवारापुढे मोठी काच आहे. २०२० साली औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची एक जोडी येथे आणली गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा काचेपलीकडे वाघ झोपला होता. वाघ दिवसाचा बराच वेळ झोपतो, तो त्याचा स्वभाव आहे. पण गर्दीला ते मान्य नव्हते. कुणी शिट्टी वाजवत होते, कुणी काचेवर थापा मारत होते. "पैसे वसूल नाही झाले," असे एक गृहस्थ आपल्या मुलाला म्हणाले. थोरलीनेही सगळ्यांचे पाहून काचेवर हात आपटायला सुरुवात केली. आम्ही तिचा हात धरला आणि म्हटले, "बेटा, वो सो रहा है."

आमच्या घरी एकच खोली आहे. एक मुलगी झोपली की दुसरीला दिवसातून दहा वेळा सांगावे लागते की बहीण झोपली आहे, आवाज करू नको. त्यामुळे 'सो रहा है' हे शब्द कानावर पडताच थोरलीने हात मागे घेतला, बोट ओठांवर ठेवले आणि शेजारच्या मुलालाही 'शू' केले. तो बिचारा तिच्याहून दुप्पट उंच होता, पण गप्प झाला.

आम्ही बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलो. मूल आधी जवळच्याविषयी शिकते आणि मग ते शिकलेले दूरच्याला लावते, असे तिथे सांगितले जाई. त्या दिवशी ते डोळ्यांपुढे घडले. जुळ्या भावंडांना एक धडा फार लवकर मिळतो: आपल्यासारखेच दुसरे कुणीतरी आहे, पण ते आपण नव्हे. तिची भूक वेगळी, तिची झोप वेगळी, तिचे भय वेगळे. थोरलीने तोच धडा काचेपलीकडे नेला. वाघ कोणत्या जातीचा, जगात किती उरले, हे तिला ठाऊक नव्हते. तो झोपला आहे, एवढे मात्र तिला कळले, आणि झोपलेल्याला उठवू नये हेही कळले. पाहणाऱ्याचे पहिले देणे आमच्या मते हेच आहे: समोरच्याची अवस्था ओळखणे.

आपल्या परंपरेत या विचाराला आधार आहे. सूरह अनआमच्या ३८ व्या आयतीचा आशय असा की जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे जीव याही तुमच्यासारख्याच उम्मती आहेत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्या स्त्रीची हदीस आहे जिला मांजर कोंडून ठेवल्याबद्दल शिक्षा झाली. ती वाझमध्ये आपण नेहमी ऐकतो. तिचा गुन्हा नीट पाहिला पाहिजे. तिने मांजराला खायला घातले नाही आणि स्वतःचे खाणे शोधायलाही सोडले नाही. म्हणजे ज्याचा मार्ग आपण अडवला त्याच्या गरजा आपल्या अंगावर येतात. दुसऱ्या बाजूला अबू उमैर या लहान मुलाची हदीस आहे. त्याच्याजवळ एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्या मुलाची हसतखेळत विचारपूस केली. पक्षी पाळण्यास मनाई नाही, त्याचे हाल करण्यास मनाई आहे, असा अर्थ अनेक उलेमांनी या हदीसवरून काढला. दोन्ही हदीस एकत्र ठेवल्या तर पिंजऱ्याचा प्रश्न 'हो' किंवा 'नाही' या एका शब्दात सुटत नाही. पिंजरा ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे हिशेब मागितला जाईल, हे मात्र स्पष्ट होते.

उर्दूच्या विद्यार्थ्यांना 'इख्वानुस्सफा' हे नाव माहीत असते. दहाव्या शतकातील बसऱ्याच्या विचारवंतांच्या मंडळाने ५२ रिसाले लिहिले. त्यांतील एकात जनावरे माणसाविरुद्ध जिनांच्या बादशहाकडे फिर्याद घेऊन जातात. मौलवी इकराम अली यांनी तो १८१० साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी उर्दूत आणला. माणूस आपल्या मालकीचे एकेक कारण सांगतो: आमचा बांधा सरळ, आमची अक्कल मोठी, आमच्या कला, आमची शहरे. जनावरे प्रत्येक दावा खोडून काढतात. शेवटी निकाल माणसाच्या बाजूने जातो, पण तो मरणानंतरचे जीवन आणि माणसांत झालेले अल्लाहचे नेक बंदे यांच्या आधारावर. आम्हाला यातून दिसते ते असे की माणसाचा मोठेपणा त्याच्या जबाबदारीत आहे. ज्याला जाब द्यावा लागणार नाही त्याला मोठेपणही नाही.

इतिहासात दोन्ही नजरा कधी कधी एकाच माणसात सापडतात. बादशहा जहाँगीरने स्वतःच्या शिकारीचा हिशेब लिहवून घेतला, तेव्हा आकडा सतरा हजारांच्या वर गेला. त्याच जहाँगीरने थंडीत अंगावर पाणी उडवणारे हत्ती कुडकुडताना पाहिले आणि त्यांच्यासाठी पाणी कोमट करून देण्याचा हुकूम दिला. हे त्याच्याच आत्मवृत्तात आहे. हत्ती हजारो लोक रोज पाहत होते, हत्तीला थंडी वाजते हे त्याने पाहिले. तीच गोष्ट आपल्या मुंबईच्या सलीम अलींची. १८९६ साली जन्मलेल्या या मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. मेलेल्या पक्ष्यांनी भरलेल्या त्या कपाटांतून पक्ष्यांवर आयुष्यभर प्रेम करणारा माणूस बाहेर आला. म्हणून बंदिस्त प्राणी पाहून मुलांत दया येतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. येऊ शकते, मात्र ती आपोआप येत नाही. पिवळा डाग पाहणारा डोळा हवा आणि कपाट उघडून समजावणारा मोठा माणूस हवा.

दादीने तरुणपणी दारावर अस्वल नाचवणारे पाहिले, सर्कशीतला सिंह आगीच्या कड्यातून उडी मारताना पाहिला. तेव्हा त्यात कुणाला वावगे वाटत नव्हते. १९९८ साली सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी घातली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणारे केंद्रीय प्राधिकरण १९९२ पासून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३८-जे हे कलम तर थेट आपल्यासाठी, पाहणाऱ्यांसाठी आहे. प्राण्यांना चिडवू नये, इजा करू नये, खायला टाकू नये, गोंगाट करू नये, असे ते सांगते. एकेकाळचा करमणुकीचा खेळ आज गुन्हा ठरला आहे. उद्या कदाचित पिंजराही ठरेल. पण ते उद्याचे आहे. आज पिंजरा आहे, आपण त्यापुढे उभे आहोत आणि आपल्या बोटाला धरून आपली मुले उभी आहेत.

तेव्हा त्यांना काय सांगायचे? पेंग्विन दाखवताना 'बघ बर्फातला पक्षी' एवढ्यावर थांबू नये. राणीबागेतील हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नाहीतच, ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली सोलहून आठ पेंग्विन येथे आणले गेले, त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. त्याचे घर कुठे, तो इथे का, त्याला गारवा कसा मिळतो, हे मुलाला सांगावे. थोडे मोठे मूल असेल तर त्यालाच विचारावे: याला पाणी आहे का, सावली आहे का, आपल्या नजरेपासून लपावेसे वाटले तर आडोसा आहे का? हा शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. जो आपल्याला दिसत नाही, झोपला आहे, पाठ फिरवून बसला आहे, त्यानेही आपले काही कमी केलेले नाही. तिकीट पाहण्याचे होते, त्याने स्वतःला दाखवावे याचे नव्हते.

ही तालीम वाघापुरती राहत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या मुलाला आपण 'ढ' म्हणून पाहतो की उपाशी आला असेल म्हणून? नव्याने राहायला आलेल्या परप्रांतीय शेजाऱ्याला आपण त्याच्या राज्याची पाटी लावतो की नाव विचारतो? दुसऱ्यांनी आपल्याकडे पाटी वाचून पाहिले की आपल्याला दुखते, आणि ते दुखणे खरे आहे. मग तीच पाटी आपण दुसऱ्याच्या गळ्यात किती सहज अडकवतो, याचाही हिशेब झाला पाहिजे. अडीच वर्षांच्या मुलाला हुकूक आणि फराइज यांचे धडे कळणार नाहीत. समोरचा झोपला आहे, भुकेला आहे, घाबरला आहे, हे मात्र कळते. ते कळण्याचे वय निघून जाण्याआधी मोठ्यांनी त्याला ते सांगावे, आणि सांगताना स्वतःही काचेवर थाप मारू नये.