वीरगळावरची वल्ही

बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहताना शिल्पकाराचा प्रामाणिकपणा डोळ्यांत भरतो. मेलेल्या वीराला त्याने थेट स्वर्गात नेऊन बसवलेले नाही. खालच्या पट्ट्यांत गलबतांच्या रांगा आहेत, त्यांच्या कडेने एका ओळीत बाहेर आलेली वल्ही आहेत, एकमेकांवर चालून जाणारी माणसे आहेत. स्वर्ग अगदी वर. तिथे पोचण्याआधी पाहणाऱ्याच्या नजरेला समुद्रातली लढाई पार करावी लागते. काही अभ्यासक हे दगड शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या 1265 च्या सुमाराच्या आरमारी युद्धाशी जोडतात. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीतही गेलेल्यांच्या नावाने चंद्र-सूर्य कोरलेले ‘वीर’ उभे करण्याची रीत आहे. माणूस गेला, एवढ्यावर या परंपरा थांबत नाहीत. एकसरच्या कारागिराने तर तो कशात गेला, हेही दगडावर नोंदवून ठेवले. समुद्राने नेलेल्या तरुण नौसैनिकाची आठवण ठेवताना आपण नेमका हाच भाग गाळतो, आणि त्यामुळे आपली श्रद्धांजली अपुरी राहते.

14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले, ती घटना आठवावी. पाणबुडी धक्क्याला उभी होती, युद्ध चालू नव्हते. पुढच्या टॉर्पेडो कक्षाच्या बाजूने आग भडकली आणि पाणबुडी बंदरातच बुडाली. आत अडकलेले 3 अधिकारी आणि 15 नौसैनिक, असे 18 जण गेले. गढूळ पाण्यात आणि उष्णतेने वाकलेल्या पोलादात पाणबुडे दिवसेंदिवस चाचपडत राहिले. हाती लागलेल्या देहांची ओळख डीएनए चाचणीने पटवावी लागली, आणि पाणबुडी वर काढायला जून 2014 उजाडला. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता, त्यामुळे ‘देशासाठी बलिदान’ हे शब्द आपसूक ओठांवर आले. ते खोटे नव्हते. पण याच पाणबुडीत फेब्रुवारी 2010 मध्ये विशाखापट्टणमला बॅटरी कक्षात हायड्रोजनचा स्फोट होऊन एक नौसैनिक दगावला होता, हे किती जणांना आठवले? पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2017 च्या अहवालाने पाणबुडीवरच्या लोकांच्या थकव्याचा योग्य अंदाज घेतला गेला नव्हता, असे नोंदवले. त्या अहवालाच्या बातम्या आल्या आणि विरल्या. फलकांवरचे बलिदान मात्र तसेच राहिले.

यावर पहिला आक्षेप असा, की मृत्यूचे कारण उकरून काढणे हा हुतात्म्याचा अवमान आहे, आणि शिवाय ही संरक्षणाची गुपिते आहेत. शस्त्रांचा तपशील गुप्त असावा, यात वाद नाही. पण माणसे किती दमली होती, तपासणी कुणी करायची होती, हे शत्रूपासून लपवण्याचे रहस्य नव्हे. फेब्रुवारी 2014 मध्ये ‘सिंधुरत्न’ पाणबुडीवर आग लागून 2 अधिकारी गेले, तेव्हा नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. त्याने नौदलाची शान कमी झाली, असे कुणी म्हणणार नाही. अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ पाणबुडी नोव्हेंबर 2017 मध्ये 44 जणांसह नाहीशी झाली, तेव्हा आप्तांनी शोध थांबू दिला नाही. वर्षभराने ती समुद्रतळाशी सापडली. त्या आप्तांच्या प्रेमात आणि त्यांच्या प्रश्नांत काही विरोध नव्हता. उलट ‘दुर्दैव’ आणि ‘हुतात्मा’ हे दोन शब्द जोडीने आले, की पुढच्या खलाशाला वाचवू शकणारी चौकशी तिथेच मिटते.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे: समुद्रापासून दूर, घाटाच्या पायथ्याच्या जव्हार-मोखाड्याला पाणबुडीचे काय? इथली दुःखे वेगळी आहेत, हे खरेच. पण कारण विचारणाऱ्या आठवणीचे मोल या भागाइतके कुणाला ठाऊक असेल? 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक आदिवासी बालके दगावली. ‘मुले गेली, देवाची इच्छा’ म्हणून तो विषय संपवता आला असता. तसे झाले नाही. ती का गेली, हा प्रश्न राज्यापुढे उभा राहिला, आणि म्हणून आजही कुपोषणाची चर्चा निघाली की त्या गावांचे नाव निघते. कुपोषणाने गेलेले मूल आणि पाणबुडीत गेलेला नौसैनिक यांचे मरण एकसारखे नाही. पण दोघांच्याही जिवाची काळजी वाहण्याचे काम दुसऱ्या कुणाचे होते, आणि ते पुरे झाले का, हे विचारण्याचा हक्क मागे राहिलेल्यांना सारखाच आहे.

म्हणून एखाद्या डोंगराळ गावचा मुलगा उद्या नौदलात गेला आणि परत आला नाही, तर त्याच्या नावाच्या दगडावर फक्त तिरंगा आणि तारीख नसावी. तो कोणत्या पाणबुडीवर होता, तिथे त्याच्याकडे कोणते काम होते, ती कशाने बुडाली, आणि चौकशीत काय निष्पन्न झाले, हेही तिथे असावे. भरतीच्या तयारीला पहाटे धावणाऱ्या पोरांनी ते वाचावे. समुद्रात गेलेल्याचा देह पुष्कळदा घरी येतच नाही. त्याच्याबद्दलचे खरे तेवढे घरी आणता येते. एकसरच्या कारागिराला हे कळले होते. त्याने वीराला स्वर्ग दिला, आणि त्याच्या खाली एकेक वल्हे मोजता येईल असे कोरले.