निर्वातातले रॉकेट आणि वितंडा

रॉकेट मागच्या हवेला रेटून पुढे जाते, ही समजूत भलतीच चिवट आहे. हवाच नसेल तर रेटायचे कशाला, असा संशयवाद्याचा सवाल असतो. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याच मुद्द्यावरून, रॉकेट निर्वातातही चालेल म्हणणारे अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडर्ड यांची टर उडवली. वास्तविक न्यूटनचा तिसरा नियम १६८७ सालीच छापून आला होता. रॉकेट रेटते ते स्वतःच्या वायूला. वायू जेवढा संवेग घेऊन मागे सुटतो, तेवढाच रॉकेटला पुढे मिळतो. हवा उलट अडथळाच करते.

गॉडर्ड यांचे प्रात्यक्षिक साधे होते. काचेच्या हंडीत दांड्यावर फिरेल असे पिस्तूल बसवायचे, हवा उपसायची आणि गोळी नसलेले काडतूस उडवायचे. पिस्तूल गरगर फिरे.

पण हटवाद्याशी गाठ पडली की प्रश्न भौतिकीचा उरत नाही. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले: सत्य शोधणारा वाद, जिंकू पाहणारा जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता नुसते खंडन करणारी वितंडा. वृत्तपत्राचा पक्ष चुकीचा होता, पण मांडलेला होता, म्हणून तो खोडता आला. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, दुरुस्ती छापून आली. अवकाशातले प्रत्येक छायाचित्र बनावट म्हणणारा मात्र कशाने पटेल हे सांगतच नाही. वात्स्यायनाने न्यायभाष्यात वैतंडिकाला पेच घातला तो इथेच: खंडनाचे प्रयोजन कबूल केले की पक्ष आलाच, आणि नाकारले तर त्याच्याशी बोलण्यात हशील नाही.