हात खिशावर, चित्त कोठे?

वस्तू आपल्यापाशी असणे निराळे आणि आपण वस्तूपाशी असणे निराळे. पहिल्या स्थितीत वस्तू आपली चाकर असते. दुसऱ्या स्थितीत आपण तिचे राखणदार होतो, आणि गंमत अशी की या राखणदारीचा पगारही आपणच भरतो. हा भेद आम्हांस पुष्कळ वर्षे तोंडपाठ होता. शाळेत पोरांना शिकविला, चार ठिकाणी बोलूनही दाखविला. परंतु तो खरा कळला २०२४ सालच्या आषाढी वारीत, आणि तोही एका मोबाइल फोनपायी. वाचक हसतील. हसोत बापडे. आमच्यासारखे आणखी कोणी असतील, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

आमचा मुलगा पुण्यास नोकरीला असतो. २०२३ च्या दिवाळीला तो घरी आला तो हातात एक चपटी पेटी घेऊनच. आमचा जुना फोन तेव्हा पार थकला होता. सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतही पुरत नसे. पेटीतून निघालेल्या फोनची किंमत ऐंशी हजारांच्या घरात होती. मुलगा म्हणाला, "अप्पा, तुम्ही आयुष्यभर स्वतःसाठी काही घेतलं नाही. नाही म्हणू नका." आमचे डोळे भरून आले. स्वयंपाकघरातून मात्र शेरा आला, "अगं बाई, एवढ्यात दुभती म्हैस आली असती!" पैसे एकरकमी दिले नव्हते. चोवीस महिन्यांचे हप्ते होते, आणि ते मुलाच्या पगारातून जाणार होते. त्या दिवशी आम्ही त्याचा फारसा विचार केला नाही.

आता आमची तऱ्हा ऐका. देवळाच्या पारावर बसलो की आम्ही फोन बाहेर काढून शेजारी ठेवीत असू. तोही पालथा, कारण पाठीवरची खूण आणि कॅमेऱ्याचे तीन डोळे लोकांना दिसले पाहिजेत. कोणी विचारले, "गुरुजी, केवढ्याला?" की आम्ही म्हणायचे, "पोरानं आणलाय बाबा, आपल्याला काय त्यातलं कळतंय!" बोलणे नम्रतेचे, पण आतून मोराचा पिसारा फुललेला.

त्याच फोनासह आम्ही माउलींच्या पालखीबरोबर निघालो. आळंदीपासून बंडीच्या आतल्या खिशात तो छातीशी होता. गर्दीत कोणी हात घालील काय, पाऊस आला तर भिजेल काय, मुक्कामी चार्जिंगला लावला तर तेथेच राखण करीत बसावे लागेल काय, ह्या तीन चिंता पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे अशा आमच्याबरोबर पायी चालत होत्या. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो. तेथे पहिले उभे रिंगण होते, हे वारकऱ्यांना सांगावयास नको. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, मधून वाट मोकळी, आणि सगळ्यांचे डोळे अश्वाकडे. गलका उठला. गर्दीचा एक लोंढा मागून आला आणि आमचा हात आपोआप खिशावर गेला. खिसा चाचपून मान वर करतो तो अश्व निघून गेला होता. लोक वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावीत होते आणि आम्ही छाती दाबून उभे.

शेजारी आमच्या दिंडीतले एक म्हातारे विणकर होते. त्यांनी काळजीने विचारले, "माउली, छातीत कळ येतीया का?"

"नाही हो."

"मग मघापासनं हात का दाबून धरलाय?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा होता, दुधाच्या पिशवीत गुंडाळून पडशीत टाकलेला. त्यांचे दोन्ही हात टाळात होते. टाळ आमच्याही गळ्यात होता. परंतु टाळ दोन हातांनी वाजतो. एक हात खिशावर गुंतला की तो मुका होतो.

पुढे पंढरपुरापर्यंत आम्ही मनाशी हिशेब करीत चाललो. ह्या फोनावर आम्ही करतो तरी काय? मुलाशी, लेकीशी बोलतो. नातवाचे तोंड पाहतो. व्हॉट्सअॅपवर येते ते वाचतो. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून किराणा, औषधे आणि एसटीचे आरक्षण यांचे पैसे फोनानेच देतो. रात्री परसात जाताना त्याचा दिवा लावतो. ही सारी कामे बारा हजारांचा फोन बिनतक्रार करतो. मग उरलेले अडुसष्ट हजार कशाचे?

न्यायाने बोलायचे तर ते पैसे अगदीच हवेचे नसतात. महाग फोनाचा कॅमेरा अंधुक उजेडातही लख्ख चित्र काढतो. पडदा उन्हात स्पष्ट दिसतो. काम झरझर होते, पाणी लागले तरी सहसा बिघडत नाही. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या पुष्कळ वर्षे मिळतात. गुगलने २०२३ साली आणि सॅमसंगने २०२४ साली आपल्या वरच्या दर्जाच्या फोनांना सात सात वर्षे त्या देण्याचे जाहीर केले. पण ह्या गोष्टींच्या जोडीला आणखी एक वस्तू त्या किंमतीत विकली जाते, ती म्हणजे पायरी. २००७ साली पहिला आयफोन अमेरिकेत ४९९ डॉलरपासून मिळत होता. दहा वर्षांनी, २०१७ साली, आयफोन टेनची किंमत ९९९ डॉलरपासून पुढे होती आणि आपल्याकडे तो ८९,००० रुपयांपासून विकला गेला. घेणारे रांगा लावून उभे राहिले. पायरी उंच झाली म्हणून गिऱ्हाईक कमी झाले नाही, कारण कित्येकांना हवी असते ती पायरीच. आम्ही पारावर फोन पालथा ठेवीत होतो तो काय कॅमेऱ्यासाठी?

तेव्हा निश्चय केला की हा फोन द्यायचा आणि साधा घ्यायचा. निश्चय करून आम्हांस मोठे हलके वाटले. येथवर गोष्ट सोपी होती. अडचण पुढेच आली.

घरी आल्यावर मुलास फोनवरून सांगितले, "बाळा, हा फोन विकून टाकावा म्हणतो. आपल्याला एवढा मोठा नको." पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "अप्पा, मग मी दिलं ते चुकलं का?" आणि थोडे थांबून, "हप्ते तर अजून निम्म्याच्या वर बाकी आहेत."

वाचकहो, ह्या दोन वाक्यांनी आमचे वैराग्य जमिनीवर आले. आम्ही सोडणार होतो ती वस्तू आमची होती कोठे? तिचे मोल दुसऱ्याच्या घामातून दरमहा फिटत होते. हलके आम्ही व्हायचे आणि भार पोराने वाहायचा, वर त्याच्या प्रेमालाच दोष लागल्यासारखे व्हायचे! तुकाराम महाराजांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडविले ही कथा आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. तिच्यातला एक बारकावा मात्र आपण कधी कधी विसरतो. चरित्रकार सांगतात की महाराजांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याचे निम्मे कागद त्यांना देऊन टाकले आणि बुडविले ते स्वतःच्या वाट्याचे. त्याग आपल्या वाट्याचा करावा. दुसऱ्याच्या वाट्याचा केला तर त्याला त्याग म्हणत नाहीत, नुकसान म्हणतात.

आम्ही विकण्याचा विषय सोडून दिला. गौरी-गणपतीला मुलगा घरी आला. जेवण झाल्यावर तो ओसरीवर फोन पाहत बसला होता, म्हणून सहज जवळ गेलो. त्याच्या फोनाची काच कोपऱ्यापासून मधोमध तडकलेली. "हे कधीचं रे?" "झाली दोन वर्षं. चालतंय अप्पा." म्हणजे बापाला ऐंशी हजारांचा घेऊन दिला तेव्हाही हा फुटक्या काचेवर बोट फिरवीत होता! जी गोष्ट दहा महिने आमच्या डोळ्यांसमोर होती ती आम्हांस दिसली नव्हती. अश्व जसा दिसला नाही, तसाच पोरही दिसला नाही.

मग आम्ही त्याचा हात धरून म्हटले, "तू दिलंस ते चुकलं नाही. ते मला पोचलं. आता माझ्या हातून तू घे. तुझं कामही ह्यावर चालेल. मला पेन्शनमधून बारा हजारांचा घेऊ दे." तो लगेच ऐकला नाही. दोन दिवस गेले. शेवटी आईने सांगितल्यावर त्याने फोन घेतला, आणि जाताना स्वतःच दुकानात येऊन आम्हांला साधा फोन निवडून दिला. एवढे झाले तेव्हा ती देवघेव पुरी झाली.

नवा फोन कसा आहे? खरे ते सांगतो. तिन्हीसांजेला काढलेले नातवाचे चित्र धुरकट येते, आणि त्याची हळहळ अजूनही वाटते. कधी कधी तो विचार करीत बसल्यासारखा थांबतो. दुरुस्त्या तीन-चार वर्षेच मिळतील असे दुकानदाराने सांगितले. बॅटरी मात्र दीड दिवस जाते. आणि खिशात आहे की कोनाड्यात, ह्याची आठवण काम पडेपर्यंत होत नाही.

पण मनुष्याचे मन मोठे द्वाड. महिनाभरात आम्ही पारावर पुन्हा फोन काढून ठेवू लागलो. कोणी विचारो न विचारो, सांगायचे, "ऐंशी हजारांचा सोडला बघा. बारा हजारांचा वापरतो. काय अडलंय?" लोक माना डोलवीत. एके दिवशी घरी पाहुण्यांपुढेही हीच कथा चालू असता सौभाग्यवती चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "अहो, आधी महागाचा मिरवत होता, आता स्वस्ताचा मिरवता. फोन बदललात, दुसरं काय केलंत?"

पाहुणे हसले. आम्हीही हसलो, परंतु वाक्य आत रुतून बसले. धनाचा गर्व निदान उघडा असतो, चारचौघांना ओळखता येतो. साधेपणाचा गर्व साधेपणाचेच वस्त्र पांघरून हिंडतो, आणि ज्याच्या अंगात शिरतो त्यालाच शेवटी कळतो.

म्हणून आम्ही कोणास स्वस्त फोन घ्या असा उपदेश करीत नाही. छायाचित्रे काढून पोट भरणाऱ्याला चांगला कॅमेरा हे अवजार आहे, जसा सुताराला रंधा. ऐंशी हजारांचा फोन घेऊन सात वर्षे नीट वापरणारा, आणि दरवर्षी बारा हजारांचा नवा घेऊन जुना फेकणारा, ह्यांत खर्च जवळजवळ सारखाच पडतो. नासाडी मात्र दुसऱ्याची जास्त. फोनामुळे हवेत जो कर्ब जातो त्याचा मोठा भाग फोन घडवितानाच गेलेला असतो. त्याच्या बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक काँगो देशातील खाणींतून निघते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेच्या उपकरणांचा कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा झाला तो चौथाईहूनही कमी. तेव्हा 'साधे घेतले' एवढ्याने कोणी मोकळा होत नाही. घेतले ते टिकवावे, काच फुटली तर बदलून घ्यावी, आणि निकामी झाले तर कपाटात कोंडून न ठेवता योग्य ठिकाणी द्यावे.

महाग आणि स्वस्त हा प्रश्न दुकानातला झाला. आपला प्रश्न एवढाच असावा की वस्तू जवळ असताना आपले हात मोकळे राहतात काय, आणि समोरचे माणूस आपल्याला दिसते काय. ज्याचे हात ऐंशी हजारांतही मोकळे राहतात त्याने खुशाल ती वस्तू वापरावी. आमचे राहिले नाहीत, म्हणून आम्ही बदलली. ह्यात पुण्य काही नाही. ज्याला पायरी चढवत नाही त्याने खालच्या वाटेने जावे, तसे हे आहे.

२०२५ सालच्या वारीत पुन्हा चांदोबाच्या लिंबापाशी रांगेत उभे राहिलो. मागून लोंढा आला, गलका झाला, अश्व डोळ्यांसमोरून दौडत गेला. टाळ थांबल्यावर विणकरबाबांनी वेळ विचारली, तेव्हा फोन कोणत्या पिशवीत ठेवला आहे हे आम्हांस आठवावे लागले.