शेजारची खुर्ची आणि संशय

एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलाशेजारी अनोळखी पुरुषाला बसू द्यायचे नाही, असा नियम काही विमान कंपन्यांनी पाळला. 2010 मध्ये ब्रिटिश एअरवेजने एका प्रवाशाच्या दाव्यात लिंगभेद झाल्याचे मान्य करून भरपाई दिली. 2012 मध्ये व्हर्जिन ऑस्ट्रेलियाने अग्निशमन दलातल्या एका जवानाला अशाच कारणाने जागेवरून उठवले. टीका होताच कंपनीने या धोरणाचा फेरविचार करत असल्याचे सांगितले. बाललैंगिक अत्याचार करणाऱ्यांत पुरुष फार मोठ्या संख्येने असतात, मग जागा बदलण्याची किरकोळ गैरसोय सोसायला काय हरकत, हा आक्षेप वजनदार आहे. मुलाची सुरक्षितता मलाही सर्वांत मोठी वाटते. पण बहुतेक गुन्हेगार पुरुष असणे म्हणजे बहुतेक पुरुष गुन्हेगार असणे नव्हे. न्याय माणसाला त्याच्या कृतीवरून जोखतो; इथे भरल्या विमानात, सर्वांदेखत, जन्मावरून संशय चिकटवला जातो. शिवाय धोका बहुधा ओळखीच्यांकडूनच येतो, हेही विसरले जाते. (स्त्री शेजारी बसवली की कर्मचारी निर्धास्त होणार, ही भीती वेगळीच.) मुलाला कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोरची जागा द्यावी, जमल्यास शेजारची खुर्ची रिकामी ठेवावी, यात कोणाचाही अपमान होत नाही आणि मुलावरचे लक्षही वाढते.