शिक्षकाचे पीक

खेड्यातल्या शाळेत आयुष्य वेचणाऱ्या शिक्षकाच्या मनात केव्हा तरी हा प्रश्न उठतोच की, आपल्या श्रमांचे चीज काय झाले? हुशार मुलगा शहरास निघून जातो. उरलेली मुले शेतात राबतात. मग ह्या कामी आशीर्वाद तो कोणता?

मार्टिन लूथर ह्याने १५३० साली प्रसिद्ध केलेल्या उपदेशात म्हटले आहे की, उपदेशकाचे काम सोडावे लागले तर आपण शाळामास्तराचेच काम पत्करू. हे काम त्याला इतके थोर वाटे.

आपल्याच प्रांतातले उदाहरण पाहा. मिस सिंथिया फॅरार १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आल्या. पुढे अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) मुलींना शिकवीत असता १८६२ साली त्या वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांना प्रेरणा मिळाली, आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून बाईंचे श्रम वाया गेले, असे कोण म्हणेल?

चुडाव्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरणारा, तिची भाकर कोणाच्या ताटात पडेल, हे विचारीत बसत नाही. पण निंदणीही चुकवीत नाही. फळ देवाच्या हाती आहे असे म्हणून, धडा न वाचताच वर्गात जाणारा शिक्षक विश्वासाच्या नावाखाली आळस झाकतो.

तेव्हा शिक्षकहो, पीक मोजण्याची चिंता सोडा. आज पाटीवर पहिले अक्षर गिरविणाऱ्या लेकराजवळ बसा. तुमचा आशीर्वाद तेथेच आहे.